मिल्टनमुळे छपाई मोकळी झाली का? 'ॲरिओपाजिटिका', १६९५ आणि मधला 'त्यामुळे'

वृत्तपत्रविद्येचं, राज्यशास्त्राचं किंवा इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचं पाठ्यपुस्तक उघडलं की मुद्रणस्वातंत्र्याच्या प्रकरणात एक साखळी हमखास भेटते. १६४४ मध्ये जॉन मिल्टनने 'ॲरिओपाजिटिका' लिहिलं, छापण्याआधी परवानगी घेण्याच्या सक्तीवर हल्ला चढवला, आणि पुढे १६९५ मध्ये इंग्लंडमधला परवाना कायदा संपला. मूळ पुस्तकांत निदान 'आणि पुढे' असतं. नेट-सेटच्या नोट्सपर्यंत येता येता त्याचा 'त्यामुळे' होतो.

आजची पोस्ट या एका शब्दाबद्दल आहे. त्यात तीन कामं करायची आहेत. एक, 'ॲरिओपाजिटिका'त खरंच काय म्हटलंय ते तपासायचं. दोन, १६९५ ला काय झालं ते बघायचं. तीन, या दोन्हींचा संबंध तोडणारा जो प्रसिद्ध इतिहासकार आहे, थॉमस बॅबिंग्टन मेकॉले, त्याचंही म्हणणं जसंच्या तसं न स्वीकारता पारखायचं. पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये 'अमुक ग्रंथाचा तमुक घटनेवर प्रभाव' असा विषय घेणारे खूप जण असतात. त्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

१६४४ : पुस्तकात काय आहे

आधी पार्श्वभूमी. १६४१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाचं 'स्टार चेंबर' हे न्यायालय बरखास्त केलं आणि त्याबरोबर छपाईवरचं जुनं नियंत्रणही कोसळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातल्याच घडामोडी देणाऱ्या साप्ताहिक बातमीपुस्तिका लंडनमध्ये निघायला लागल्या. त्याआधी छापील बातम्या असायच्या त्या मुख्यतः परदेशातल्या युद्धांच्या. घरचं राजकारण छापणं धोक्याचं होतं. आता गृहयुद्ध पेटलेलं, राजाची बाजू आणि पार्लमेंटची बाजू, दोन्हीकडून पत्रकांचा पाऊस. जॉर्ज थॉमेसन नावाचा लंडनचा पुस्तकविक्रेता १६४० पासून १६६१ पर्यंत हे सगळं गोळा करत राहिला. त्याच्या संग्रहात बावीस हजारांच्या आसपास छापील वस्तू आहेत, आणि तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या पुराला घाबरून पार्लमेंटने १४ जून १६४३ रोजी पुन्हा परवान्याचा आदेश काढला. म्हणजे राजाकडून हिसकावून घेतलेलं हत्यार पार्लमेंटने स्वतः हातात घेतलं. लंडनच्या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या 'स्टेशनर्स कंपनी'ला छापे घालायचे आणि बेकायदा छापखाने शोधायचे अधिकार मिळाले. त्याच वर्षी मिल्टनने घटस्फोटाच्या बाजूने एक पुस्तिका परवान्याशिवाय छापली होती. १६४४ च्या ऑगस्टमध्ये एका धर्मोपदेशकाने पार्लमेंटसमोरच्या प्रवचनात ती पुस्तिका जाळण्याच्या लायकीची ठरवली आणि स्टेशनर्स कंपनीनेही तक्रार केली. 'ॲरिओपाजिटिका' त्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबरात आलं. त्यालाही परवाना नव्हता. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव होतं, मुद्रकाचं नव्हतं.

रचना भाषणाची आहे, पण हे भाषण कधी झालंच नाही. ते छापलेलं भाषण आहे. युक्तिवाद चार टप्प्यांत जातो. पहिला टप्पा इतिहासाचा : छापण्याआधी परवानगी ही प्राचीन ग्रीस-रोमची रीत नव्हती, ती कॅथलिक धर्मसत्तेच्या इन्क्विझिशनची देणगी आहे. दुसरा नीतीचा : चांगलं आणि वाईट या जगात एकत्रच वाढतं, वाईटाशी गाठ न पडलेला सद्गुण म्हणजे परीक्षा न दिलेला विद्यार्थी. तिसरा व्यवहाराचा : पुस्तकं तपासायची तर मग गाणी, नाच, गप्पा, सगळंच तपासायला माणसं नेमावी लागतील. चौथा विद्येचा : अभ्यास केलेल्या माणसाला शाळकरी पोरासारखं तपासनिसापुढे वही घेऊन उभं करणं हा अपमान आहे, आणि सत्याला असत्याशी उघड मैदानात झुंजू दिलं तर सत्य हरत नाही.

ताकदीचा ग्रंथ आहे, यात वाद नाही. गद्य अवघड आहे, एकेक वाक्य अर्धं पान चालतं, पण तिसरा टप्पा वाचताना हसू येतं इतका मिल्टन तिथे खट्याळ आहे. विद्यार्थ्यांनी उताऱ्यांवर न थांबता सगळं वाचावं. सगळं वाचलं की तीन मर्यादा दिसतात, आणि उताऱ्यांच्या संग्रहात नेमक्या त्याच गळतात.

पहिली मर्यादा : मिल्टन कॅथलिकांना या स्वातंत्र्यातून स्पष्ट वगळतो. श्रद्धेच्या किंवा नीतीच्या उघड विरोधात जाणारं काहीही त्याला चालत नाही. त्याची सहिष्णुता प्रॉटेस्टंट पंथांच्या आपसातल्या मतभेदांपुरती आहे.

दुसरी : त्याचा विरोध छापण्या*आधीच्या* तपासणीला आहे. छापून झाल्यावर पुस्तक घातक ठरलं तर ते जाळावं, संबंधितांना शिक्षा व्हावी, हे त्याला मान्य आहे. लेखकाचं किंवा निदान मुद्रकाचं नाव नोंदवलं जावं, हा नियमही तो चांगला मानतो.

तिसरी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : हा ग्रंथ बातमीबद्दल जवळजवळ नाहीच. मिल्टनच्या डोळ्यांसमोर विद्वान आहे आणि त्याचं पुस्तक आहे. बातमीपत्राचा ठळक उल्लेख येतो तो राजाच्या बाजूने निघणाऱ्या 'मर्क्युरियस ऑलिकस'चा. मिल्टन त्याला दरबारी बदनामीपत्र म्हणतो, आणि मुद्दा असा मांडतो की परवान्याचा आदेश असूनही हे पत्र दर आठवड्याला ओल्या शाईनिशी लंडनमध्ये पोचतंच, मग आदेशाचा उपयोग काय? म्हणजे बातमीपत्र इथे स्वातंत्र्याचं पात्र म्हणून येत नाही, नियंत्रण फसल्याचा पुरावा म्हणून येतं. 'वृत्तपत्रस्वातंत्र्याचा जाहीरनामा' असं लेबल लावणाऱ्यांनी हा उतारा एकदा तरी वाचावा.

तेव्हा वाचलं कुणी?

प्रभावाचा दावा करताना पहिला साधा प्रश्न हा : पुस्तक त्या काळात फिरलं का?

'ॲरिओपाजिटिका'चं उत्तर निराशाजनक आहे. पार्लमेंटने आदेश मागे घेतला नाही. समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. थॉमेसनला मिल्टनने स्वतः एक प्रत भेट दिली होती, तशी नोंद त्या प्रतीवर आहे, पण पुस्तक गाजल्याच्या खुणा नाहीत. मिल्टनच्या हयातीत त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही. १६९० च्या दशकाच्या शेवटी जॉन टोलंडने मिल्टनचं गद्य एकत्र छापलं त्यात ते आलं, म्हणजे कायदा संपून गेल्यावर. स्वतंत्र पुस्तक म्हणून ते पुन्हा निघालं थेट १७३८ मध्ये, कवी जेम्स टॉमसनच्या प्रस्तावनेसह. आदल्याच वर्षी नाटकांवर पूर्वपरवानगीचा कायदा आला होता, तेव्हा कुणाला तरी हे जुनं शस्त्र आठवलं. १७८८ मध्ये फ्रान्समध्ये मिराबोने त्याचं रूपांतर केलं. थोडक्यात काय, 'ॲरिओपाजिटिका' हे अठराव्या शतकाचं पुस्तक आहे, फक्त ते सतराव्या शतकात लिहिलं गेलं.

शिवाय एक अडचणीची गोष्ट. १६५१ च्या सुमारास, प्रजासत्ताक सरकारच्या नोकरीत असताना, मिल्टनचं नाव स्टेशनर्स कंपनीच्या नोंदवहीत तपासनीस म्हणून येतं. 'मर्क्युरियस पॉलिटिकस' या सरकारधार्जिण्या बातमीपत्राला परवाना देणारा म्हणून! इथे 'ढोंगी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण पुढचीही नोंद बघायला हवी. १६५२ मध्ये त्रिमूर्ती नाकारणाऱ्या एका पंथाची प्रश्नोत्तरी छापायला परवानगी दिल्याबद्दल मिल्टनची चौकशी झाली. एका डच प्रतिनिधीच्या टिपणानुसार त्याचं उत्तर असं होतं की, पुस्तकं अडवू नयेत असं आपण पूर्वीच लिहिलंय आणि आपण त्याच मताला धरून वागलो. म्हणजे खुर्चीत बसूनही माणूस पूर्ण बदलला नव्हता. मला वाटतं, यातून मिल्टनच्या चारित्र्यावर निकाल देण्यापेक्षा एक गोष्ट शिकावी : त्याच्या दृष्टीने १६४४ चं पुस्तक आणि १६५१ ची खुर्ची यांत आपल्याला दिसते तेवढी विसंगती नसावी. कारण त्याने मागितलेलं स्वातंत्र्य आपण समजतो त्यापेक्षा अरुंद होतं.

१६९५ : कायदा संपला कसा

राजेशाही परत आल्यावर १६६२ मध्ये नवा परवाना कायदा झाला. छपाई लंडन, दोन विद्यापीठं आणि यॉर्क एवढ्यापुरती मर्यादित झाली. मालक-मुद्रकांची संख्या वीसवर आणायची ठरली. रॉजर लेस्ट्रेंजसारखा कडक देखरेख करणारा माणूस नेमला गेला. मात्र कायदा मुदतीचा होता, दर काही वर्षांनी वाढवून घ्यावा लागायचा. १६७९ मध्ये तो एकदा संपला, १६८५ मध्ये परत आला, १६९३ मध्ये थोड्या मुदतीसाठी वाढवला गेला, आणि १६९५ मध्ये कॉमन्सने त्याला मुदतवाढीच्या यादीतून वगळलं. लॉर्ड्सने तो परत घातला. दोन्ही सभागृहांची बैठक झाली, कॉमन्सच्या वतीने एडवर्ड क्लार्क या सदस्याने अठरा कारणांचं निवेदन दिलं, आणि लॉर्ड्सनी माघार घेतली.

ही अठरा कारणं वाचण्यासारखी आहेत. सत्य-असत्याची झुंज त्यात नाही. तक्रारी अशा : स्टेशनर्स कंपनी मक्तेदारी करते आणि पैसे उकळते. तपासनिसाने फी किती घ्यावी हे कायद्यात ठरलेलंच नाही. परदेशी पुस्तकं फक्त लंडन बंदरातच उतरवता येतात. घरांच्या झडत्या कुणाच्याही नावाशिवायच्या वॉरंटवर होतात. आणि सगळ्यात गंमतीची तक्रार ही : परदेशातून आलेली पुस्तकांची पेटी तपासनीस हजर नसताना उघडली तर जकात अधिकाऱ्याला दंड आहे, पण पेटीत पुस्तकं आहेत हे उघडल्याशिवाय त्याला कळणार कसं? तोवर पुस्तकं जकातघरात पडून बुरशी धरतात.

क्लार्क हा जॉन लॉकचा जवळचा मित्र. कायद्याच्या कलमाकलमावर लॉकने लिहिलेलं टिपण उपलब्ध आहे, आणि त्यातले बरेच मुद्दे क्लार्कच्या निवेदनाशी जुळतात. लॉकलाही मक्तेदारीचाच राग आहे : सिसेरोसारख्या प्राचीन लेखकांच्या आवृत्त्यांवर कंपनीचा हक्क, त्यामुळे इंग्लंडमध्ये वाईट छापलेली पुस्तकं महाग मिळतात आणि हॉलंडमधली चांगली पुस्तकं आणता येत नाहीत. पण त्याच टिपणात सुरुवातीलाच एक तत्त्वाचं वाक्यही आहे. त्याचा आशय असा : माणसाला जे बोलायची मोकळीक आहे ते छापायचीही का नसावी, बोलल्याबद्दल तो जसा जबाबदार असतो तसा छापल्याबद्दल राहील. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेकॉलेचा निकाल, आणि त्यातली फट

१८५५ मध्ये आलेल्या 'हिस्टरी ऑफ इंग्लंड'च्या चौथ्या खंडात मेकॉलेने ही अठरा कारणं सांगून निकाल दिला : कॉमन्सला आपण काय करतोय, कुठली क्रांती घडवतोय, याची कल्पनाच नव्हती. मुक्त छपाई चांगली की वाईट या मोठ्या प्रश्नाला त्यांनी हातही लावला नाही. फक्त किरकोळ गैरसोयी मोजल्या. आणि तरीही 'ॲरिओपाजिटिका'ला जे जमलं नाही ते या क्षुल्लक कारणांनी करून दाखवलं.

हे वाचन पाठ्यपुस्तकी साखळीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण ते मूळ निवेदनावर उभं आहे. 'विचार जिंकला' असं म्हणण्याआधी सभागृहात प्रत्यक्ष काय बोललं गेलं ते बघा, हा धडा मेकॉले देतो. पण माझ्या मते त्यात तीन फटी आहेत.

पहिली फट खुद्द मेकॉलेच्याच पुस्तकात आहे. त्याच खंडात, १६९३ च्या हकिकतीत, तो चार्ल्स ब्लाउंट नावाच्या लेखकाबद्दल सविस्तर सांगतो. ब्लाउंटने १६७९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये परवाना पद्धतीविरुद्ध पत्रकं काढली. दोन्हींतला युक्तिवाद बराचसा 'ॲरिओपाजिटिका'तून उचललेला होता, मिल्टनचं ऋण न मानता. ब्लाउंटने आणखी एक डाव टाकला. एडमंड बोहन हा तेव्हाचा तपासनीस. त्याला आवडेल अशा विचाराची एक पुस्तिका ब्लाउंटने निनावी लिहिली, विल्यम आणि मेरी हे 'विजेते' म्हणून इंग्लंडवर राज्य करतात अशी. बोहनने खूश होऊन परवाना दिला. देश जिंकला गेला असं कुणी म्हणणं कॉमन्सला सहन होण्यासारखं नव्हतं. पुस्तिका जाळायचा हुकूम झाला, बोहनची नोकरी गेली, आणि तपासनीस या पदाचंच हसं झालं. म्हणजे मिल्टन लोकांपर्यंत पोचत होता, पण दुसऱ्याच्या नावाने आणि तुकड्या-तुकड्यांत. 'ॲरिओपाजिटिका'च्या आवृत्त्या मोजणाऱ्याला हा प्रवास दिसणार नाही. वर मी आवृत्त्यांवरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच अर्धा आहे : पुस्तक फिरलं नाही, युक्तिवाद फिरला.

दुसरी फट : एखाद्या निवेदनात तत्त्व लिहिलेलं नाही म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात ते नव्हतं, असं ठरत नाही. क्लार्कला लॉर्ड्सचं मन वळवायचं होतं. समोर बिशप बसलेले. तिथे स्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान मांडण्यापेक्षा बुरशी धरलेल्या पुस्तकांची पेटी दाखवणं शहाणपणाचं होतं. लॉकच्या खाजगी टिपणात जे तत्त्व आहे ते जाहीर निवेदनात नाही, ही तफावतच पुरावा आहे. दस्तऐवज कुणासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय त्यातल्या मौनाचा अर्थ लावता येत नाही.

तिसरी फट मला सगळ्यात मोठी वाटते. मेकॉले 'कायदा का संपला' याचं उत्तर देतो. पण कायदा १६७९ मध्येही संपला होता, आणि सहा वर्षांत परत आला. मधल्या काळात राजाने घोषणापत्रं आणि न्यायाधीशांच्या मदतीने छपाई दाबलीच. मग खरा प्रश्न असा आहे : १६९५ नंतर कायदा *परत का आला नाही*? प्रयत्न झाले, पुढच्या वर्षांत विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली. याचं उत्तर अठरा कारणांत नाही. ते बदललेल्या राजकारणात शोधावं लागतं. १६८९ नंतर पार्लमेंट दरवर्षी भरायला लागलं. १६९४ च्या कायद्याने दर तीन वर्षांनी निवडणूक सक्तीची झाली. व्हिग आणि टोरी दोघांनाही छापखाना हवा होता, आणि दोघांनाही भीती होती की तपासनीस उद्या दुसऱ्या पक्षाचा असेल. त्यात कंपनीबाहेरच्या मुद्रकांचे आणि पुस्तकविक्रेत्यांचे धंदे वाढत गेले, त्यांना जुनी मक्तेदारी नको होती. तत्त्व, धंदा आणि पक्षीय अविश्वास, तिन्ही लागले. यातलं एकच कारण घेऊन प्रबंध लिहिणं शक्य आहे, पण मग उरलेल्या दोघांना बाजूला का ठेवलं हे सांगावं लागेल.

संपल्यावर काय मिळालं?

१६९५ मध्येच 'पोस्ट बॉय', 'फ्लाइंग पोस्ट' आणि 'पोस्ट मॅन' ही पत्रं लंडनमध्ये सुरू झाली. नावांत 'पोस्ट' आहे कारण ती आठवड्यातून तीनदा, लंडनहून टपाल बाहेर पडायच्या दिवशी निघायची. ११ मार्च १७०२ ला 'डेली कुरंट' हे पहिलं इंग्रजी दैनिक आलं. लंडनबाहेरही छापखाने उघडले. एवढं सगळं खरं.

पण याला 'मुक्त' म्हणताना दमाने. १७०३ मध्ये डॅनियल डीफोला एका उपरोधिक पत्रकासाठी भर चौकात खोड्यात उभं राहावं लागलं. १७०४ मध्ये जॉन टचिनच्या खटल्यात सरन्यायाधीश होल्टने भूमिका घेतली की, सरकारबद्दल लोकांचं मत वाईट करणाऱ्याला शिक्षा झाली नाही तर कुठलंच सरकार टिकणार नाही. १७१२ पासून वर्तमानपत्रावर कागदाच्या आकाराप्रमाणे अर्धा किंवा एक पेनी मुद्रांक कर आणि प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग कर बसला. पार्लमेंटमधल्या चर्चा छापणं १७७१ पर्यंत सभागृहाच्या हक्काचा भंग मानलं जाई. तपासनीस गेला, त्याच्या जागी न्यायालय आणि करवसुली आली.

ब्लॅकस्टोनने १७६९ मध्ये यालाच सूत्राचं रूप दिलं : मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे छापण्याआधी अडवणूक नसणं, छापल्यानंतरच्या शिक्षेपासून सुटका नव्हे. आता मिल्टनची दुसरी मर्यादा आठवा आणि लॉकचं वाक्यही. तिघांचा साचा एकच आहे : आधी अडवू नका, नंतर जाब विचारा. मिल्टनचा वारसा शोधायचाच असेल तर तो १६९५ च्या मतदानात शोधण्यापेक्षा या साच्यात शोधावा, असं मला वाटतं.

आपल्याकडे हा साचा कसा आला

भारताशी संबंध जोडायचा म्हणून जोडत नाही. दुवा खरा आहे, आणि तो दुवा पुन्हा मेकॉलेच आहे.

१८२३ मध्ये कलकत्त्यात वर्तमानपत्रासाठी परवाना सक्तीचा झाला. राममोहन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध निवेदन दिलं, ते फेटाळलं गेलं, आणि राममोहन यांनी आपलं 'मिरात-उल-अखबार' हे फारसी पत्र बंद केलं. सोफिया कोलेट यांच्या राममोहन-चरित्रात या निवेदनाला भारतीय इतिहासातलं 'ॲरिओपाजिटिका' म्हटलंय. गौरव म्हणून ठीक, विश्लेषण म्हणून फसवं. राममोहन यांचा मुद्दा राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातल्या संवादाचा आहे : दूर बसलेल्या सरकारला प्रजेची गाऱ्हाणी कळण्याचा मार्गच बंद होईल. मिल्टनला ज्याची फारशी पर्वा नव्हती ती बातमी इथे मध्यभागी आहे. दोघांना एका मापाने मोजलं की राममोहन यांचं स्वतःचं वेगळेपण पुसलं जातं.

१८३५ मध्ये मेटकाफच्या काळात परवाना रद्द झाला. त्या कायद्याचा मसुदा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातल्या कायदा सदस्याने, म्हणजे मेकॉलेने, केला. त्याचा युक्तिवाद बघा : छपाई प्रत्यक्षात मोकळीच आहे, प्रश्न एवढाच की ती मोकळी आहे असं म्हणायचं की नाही. कायदा ठेवून सरकार उगाच बदनामी ओढवून घेतं. हाही गैरसोयीचाच हिशेब! वीस वर्षांनी त्याला १६९५ च्या कॉमन्समध्ये तत्त्वाऐवजी गैरसोयींची यादी दिसली, यात त्याचा कलकत्त्यातला अनुभव डोकावत असेल का? हे अनुमान आहे, सिद्ध केलेलं नाही. पण इतिहासकार स्वतः कुठल्या खुर्चीत बसून आला, हे विचारायला हरकत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, म्हणजे या कायद्याच्या आधी. मराठी वृत्तपत्राचा जन्म 'मेटकाफच्या उदारपणामुळे' झाला असं कुठे वाचलंत तर हा 'मुळे' तारखेवरच पडतो. १८३५ च्या कायद्यात परवान्याऐवजी मुद्रक-प्रकाशकाने नाव आणि ठिकाण जाहीर करायचं होतं. १८६७ च्या कायद्याने तीच पद्धत पुढे चालवली. आजही मराठी वर्तमानपत्रात मुद्रक, प्रकाशक आणि छापखान्याचा पत्ता सांगणारी बारीक टायपातली ओळ असते. तिच्यामागे तोच साचा आहे : आधी अडवणार नाही, पण नंतर कुणाला धरायचं ते माहीत हवं. १९५० मध्ये 'ब्रिजभूषण' खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका साप्ताहिकावरची पूर्वतपासणी रद्द केली, तेव्हा निकालपत्रात ब्लॅकस्टोनचाच आधार घेतला होता.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

या सगळ्यातून कामाचं काय, ते थोडक्यात.

१. 'प्रभाव' हा शब्द लिहिण्याआधी त्याचे तुकडे करा. पुस्तक छापलं गेलं का, पुन्हा छापलं का, कुणी नाव घेऊन वापरलं, कुणी नाव न घेता उचललं? चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. 'ॲरिओपाजिटिका'च्या बाबतीत ती आलीच.

२. दस्तऐवजातल्या कारणांना घडण्याची कारणं समजू नका. निवेदन हे समोरच्याला पटवायला लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी खाजगी टिपण किंवा पत्रव्यवहार ठेवता आला तरच मौनाबद्दल बोला.

३. 'का घडलं' सोबत 'पुन्हा का नाही घडलं' किंवा 'आधी का टिकलं नाही' हे विचारा. १६७९ आणि १६९५ ची तुलना केली नसती तर पक्षीय राजकारणाचा मुद्दा सुचलाच नसता.

४. शब्दाचा त्या काळातला आवाका तपासा. मिल्टनचं छपाईचं स्वातंत्र्य आणि आपलं वृत्तपत्रस्वातंत्र्य यांत कॅथलिक, बातमी आणि नंतरची शिक्षा एवढं अंतर आहे.

साधनं घरबसल्या मिळतात. कॉमन्सची जर्नल्स 'ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन'वर आहेत, मेकॉलेचा ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर. 'ॲरिओपाजिटिका'ही सहज सापडतं. आधी मेकॉलेची १६९३ आणि १६९५ वरची पानं लागोपाठ वाचा, मग कॉमन्सची अठरा कारणं, आणि शेवटी मिल्टन. उलट क्रमाने गेलात तर मिल्टनच्या गद्याचा दणका असा आहे की पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं असं वाटायला लागतं.

मिल्टनला यातून कमी लेखायचं नाही. त्याचं पुस्तक न वाचता त्याला श्रेय देणं हाच त्याच्यावर जास्त अन्याय आहे. आणि स्वातंत्र्य एका थोर ग्रंथाने मिळतं असं मानलं की ते बुरशी धरलेल्या पेट्यांवर, झडतीच्या वॉरंटांवर, फी आणि करांच्या कलमांवर टिकतं किंवा जातं, हे नजरेतून सुटतं. आज एखादा नियम येतो तेव्हा त्याच्या उद्देशाची चर्चा आपण करतोच. अर्ज कुणाकडे करायचा, फी किती, मुदत किती, आणि पेटी कुणासमोर उघडायची, तीही कलमं वाचायची सवय असू द्या.